एकही अवयव सापडलेला नाही, मग ती संख्या संयुक्त आहे हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा: २ चा १२७७वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे म्हणतात, पण तिचा एकही अवयव कुणाला माहीत नाही. मग संयुक्त कशावरून? अंकांच्या बेरजेवरून का?

बेरजेवरून नाही. देवळालीचे कापरेकर मास्तर अंकांशी खेळत ६१७४ या प्रसिद्ध स्थिरांकापर्यंत पोचले, त्यामुळे आमच्या नाशकात कुणालाही आधी अंकच दिसतात. पण बेरजेची युक्ती ३ आणि ९ पुरती.

खरी गोष्ट अशी की 'संयुक्त आहे' हे कळणं आणि अवयव सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. निफाडकडचा बागायतदार द्राक्षांचा क्रेट नुसता हुंगून सांगतो की आत मणी फुटलाय. कुठला, ते बघायला घड उलगडावे लागतात.

कागद घ्या. फर्माचा नियम: २ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, २ चा तिच्याहून एकने कमी घात करा आणि तिनेच भागा, बाकी १ च उरते. आता ९१ बघू. २ चा १२वा घात ४०९६, म्हणजे ९१ × ४५ अधिक १. बाकी १. म्हणून ८४व्या घाताचीही बाकी १. ९० ला सहा घात उरले, त्यांचे ६४. बाकी १ यायला हवी होती, आली ६४. ९१ मूळ नाही, विषय संपला. ७ × १३ कुठे लिहावंच लागलं नाही. (८४ म्हणजे बारा साते, तो सात निव्वळ योगायोग.)

तुमच्या संख्येवर हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी तोंडघशी पडलो. नाशिकरोडला घरी, रात्री, पायथन या संगणकभाषेतली एक ओळ. बाकी आली १! क्षणभर वाटलं, सगळं जग चुकलंय. ट्यूब पेटली सकाळी चहा घेताना. ही संख्या २ च्या १२७७व्या घाताहून एकनेच कमी, म्हणजे त्या घाताची बाकी १ असणारच. आणि १२७७ मूळ असल्यामुळे, त्याच फर्माच्या नियमाने, आपल्या घातांकाला (२ चा १२७७वा घात वजा २) १२७७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून त्याचीही बाकी १ च. २ ला विचारणं म्हणजे घरच्याच माणसाची साक्ष काढणं. २०४७ बघा, म्हणजे २ चा ११वा घात वजा १. ती २३ × ८९ आहे, तरी २ घेतले की बाकी १. ३ घेतले की १०१३, आणि पितळ उघडं.

मग ३ घेऊन पुन्हा चालवलं. पापणी लवायच्या आत उत्तर: बाकी १ नाही, म्हणजे संख्या संयुक्त. कारण घातांक २ च्या १२७७व्या घाताएवढा असला, तरी काम म्हणजे साधारण १२७७ वेळा वर्ग करून भागायचं, बस्स. अवयव शोधायला असा जवळचा रस्ता अजून कुणाला सापडलेला नाही. एकेक भाजक लावत बसलात तर १९३ अंकी आकड्यांपर्यंत जायची तयारी ठेवा.

ही तफावत जुनीच. २ चा ६७वा घात वजा १ ही मूळ नाही हे गणितज्ञ ल्यूकासने १८७६ मध्ये दाखवलं, अवयव न देता. ते कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. गुणाकार पडताळायला वहीचं एक पान पुरतं, करून बघा. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ यायला हवं.