वाचकांचे प्रश्न : लेझरने कोरलेली अक्षरे दातेरी आणि फिकी का येतात?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड परिसरात माझे ट्रॉफी, सन्मानचिन्हे आणि नावाच्या पाट्या कोरून देण्याचे दुकान आहे. यंत्र ६० वॅटचे, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरचे आहे. हल्ली बारीक अक्षरांच्या उभ्या कडांना करवतीसारखे दाते येतात, दुपारनंतरचे काम फिके उतरते आणि मराठी नावांच्या शिरोरेषेत मध्येच न कोरलेले चौकोनी ठिपके राहतात. पॉवर वाढवून पाहिली, तर लाकूड काळे पडते. उपाय सुचवावा.

उत्तर : आपण लिहिलेल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि पॉवर वाढवणे हा त्यांपैकी एकीवरही उपाय नाही, म्हणून ती आधी मूळ आकड्यावर आणावी.

कोरताना हेड, म्हणजे किरण सोडणारा सरकता भाग, जाताना एक ओळ आणि परत येताना दुसरी ओळ ओढते. या दोन ओळी एकमेकींखाली नेमक्या बसल्या नाहीत की कडा दातेरी दिसते. याचे कारण सैल बेल्ट किंवा पुलीचा ढिला स्क्रू असू शकते, तसेच आज्ञा मिळाल्यापासून लेझर पेटेपर्यंत जाणारा क्षणभराचा वेळही असू शकते. ओळखण्यासाठी मिलिमीटरभर रुंदीची एकच उभी पट्टी सेकंदाला १००, २०० आणि ३०० मिलिमीटर या वेगांनी कोरून पाहावी. वेगाबरोबर ओळींमधला फरक वाढत गेला, तर सॉफ्टवेअरमधील स्कॅनिंग ऑफसेट, म्हणजे जाण्या-येण्याच्या ओळी जुळवणारा आकडा, त्या त्या वेगासाठी भरावा. फरक सगळ्या वेगांना सारखाच राहिला, तर दोष बेल्टमध्ये किंवा पुलीत आहे. बेल्ट बेताने ताणावा, कारण तो फार ताणला तर मोटर आणि बेअरिंगवर भार येतो. आपल्या आसपास यंत्रमाग असतील, तर हेड ज्या रेलवरून सरकते तिच्यावरच्या तेलात सुताची पिंज चिकटून हेड हलके उसळते आणि अक्षरे लाटांसारखी दिसतात, हेही तपासावे. तिथे तेल कमी आणि पुसणे जास्त असा नेम ठेवलेला बरा.

सकाळी ठसठशीत आणि दुपारनंतर फिके, हे लक्षण बहुतेक वेळा लेझर किरण तयार करणारी ट्यूब गार ठेवणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवते. काचेच्या ट्यूबमधून फिरणारे पाणी साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बादली आणि पंपावर यंत्र चालवले तर तासाभरातच ट्यूबची ताकद घटते, आणि त्यावर पॉवर वाढवली तर ट्यूबचे आयुष्यही घटते. थंड करणारा चिलर घेणे हाच खरा उपाय आहे. बादलीत एकदम बर्फ ओतू नये, कारण अचानक गारठ्याने काच तडकू शकते. पाणी डिस्टिल्ड वापरावे. बोअरच्या पाण्यातील क्षार ट्यूबमध्ये धरतात. काम फक्त एखाद्या कोपऱ्यात फिके येत असेल, तर मात्र दोष पाण्याचा नसून आरशांच्या जुळणीचा असतो. सगळीकडेच फिके असेल, तर यंत्र बंद करून लेन्स गार झाल्यावर ती लेन्स टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि फुगीर बाजू वर ठेवून बसवावी.

शिरोरेषेतील ठिपक्यांना यंत्र जबाबदार नाही. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा टोकाला किंचित एकमेकींवर चढतात आणि दोन आकार एकमेकांवर आले की पुष्कळ सॉफ्टवेअर तेवढा भाग रिकामा धरते. मजकुराचे कर्व्ह करून (अक्षरांचे नुसत्या रेषाकृतीत रूपांतर करून) सर्व अक्षरे वेल्ड केली, म्हणजे जोडून एकच आकार केला, की ठिपके जातात. वेल्ड केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे ग्राहकाकडून नाव आधी तपासून घ्यावे.

लाकूड काळे पडण्यामागे ओळींची दाटीही असू शकते. लेझरचा ठिपका सुमारे ०.१ मिलिमीटरचा धरला, तर इंचाला २५४ ओळी पुरतात. ६०० ओळी टाकल्या की तीच जागा पुन्हा पुन्हा जळते. धुराचे डाग टाळण्यासाठी लाकडावर मास्किंग टेप लावून मगच कोरावे.

प्रश्न : याच यंत्रावर पितळी तांब्यांवर नावे घालता येतील का?

उत्तर : नाही. सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते आणि उघडे पितळ किंवा तांबे तो किरण जवळजवळ सगळाच परतवते. त्यासाठी सुमारे १.०६ मायक्रोमीटरचे फायबर लेझर लागते. चार-दोन भांड्यांसाठी भांड्यांच्या दुकानातले नाव घालायचे विजेचे पेनच परवडते.

प्रश्न : रेक्झिनच्या डायऱ्यांवर कोरले, तर चालेल का?

उत्तर : रेक्झिन पीव्हीसीचे (क्लोरीनयुक्त प्लास्टिकचे) असेल, तर मुळीच कोरू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राच्या रेलवर गंज चढवतो. माल पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय अशी ऑर्डर स्वीकारू नये.