वडिलांना पॅरालिसिसनंतर सोलापुरात रिहॅब सेंटरला ठेवायचंय, तिथं पडणं, जखमा होणं टाळायला काय बघावं?

आमच्या अण्णांना इथल्याच एका सेंटरला ठेवलं होतं, तेव्हा कळलं ते सांगतो. सगळ्यात आधी रात्री किती माणसं ड्युटीवर असतात ते विचारा, कारण बरेच पेशंट पडतात ते बाथरूमला एकटं उठून जाताना, बेल वाजवून कुणी येत नाही म्हणून. अण्णा तसेच पडले, खुबा मोडला. संडासात धरायला दांडा आहे का, व्हीलचेअरचा ब्रेक लागतो का, स्वतः हात लावून बघा.

दुसरं बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा. साधारण दर 2 तासांनी कूस बदललीच पाहिजे, त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा, घामानं पाठ ओली राहते न कातडी लवकर सोलते, म्हणून भेटायला गेलात की चादर बाजूला करून माकडहाड आणि टाचा बघाच, लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर लगेच सिस्टरना बोलवा, लाजू नका.

उचलताना लकव्याचा हात कुणालाही ओढू देऊ नका, खांदा निखळतो.

आणि काही झालंच तर केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा, डॉक्टरांना ते 72 तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत 2 वर्षं.