जंतूंशी लढायचा गेम आहे का?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, विमानं पाडायचे शूटर खेळून झालेत, आता जंतू मारायचा गेम हवा म्हणतो, असा काही आहे का आणि त्यातलं सायन्स खरं असतं का?

उत्तर : आहे की! १९८२चा 'मायक्रोसर्जन' बघा, इमॅजिक कंपनीचा, इंटेलिव्हिजन या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम-यंत्रावरचा, रिक लेव्हिननी बनवलेला. पेशंटच्या शरीरात रोबो घेऊन शिरायचं, रक्तवाहिन्यांतून फिरत अँटिबायोटिक, अल्ट्रासाउंड, अ‍ॅस्पिरिनचा मारा करायचा. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की पांढऱ्या पेशी रोबोवरच धावून येतात, शरीरासाठी तो परकाच ना, खऱ्या शरीरातही त्या परक्या वस्तूवर अशाच तुटून पडतात. फक्त मुलाला नक्की सांगा, अँटिबायोटिकनं बॅक्टेरिया मरतात, व्हायरस नाही, म्हणून साध्या सर्दीला त्या गोळ्यांचा उपयोग नसतो.