शहर वाढतंय, म्हणून आत्ताच घर घ्यावं का?

एका ताईंच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, पस्तिशी ओलांडलेली, पाच वर्षांची एक मुलगी. ते राहतात ते शहर गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढलं आहे. घरमालकाने या वेळी भाडं एकदम चढवून मागितलं. शहराच्या कडेला त्यांनी एक नवं घर पाहून ठेवलं आहे. तिथे रेल्वे येणार आहे असं सांगतात, आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. तिसरा पर्याय म्हणजे लहान शहरात बदली घ्यायची, पगार कमी पत्करून. पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिलंय, "आत्ता घेतलं नाही तर पुन्हा कधीच घेता येणार नाही, या भीतीने झोप लागत नाही. सासरे म्हणतात, भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे."

ताई, तुमचे आकडे मी शेकड्यात मांडतो. तुमची रक्कम उघड होणार नाही आणि इतर कोणालाही आपला हिशोब त्यात बसवून पाहता येईल.

दोघांचं मिळून हातात पडणारं मासिक उत्पन्न १०० धरू. भाडं २८ होतं, आता मालक ३२ मागतोय. येण्याजाण्याला ६ लागतात. किराणा, शाळा, पाळणाघर, औषधं, विमा आणि आई-वडिलांना द्यायचे पैसे मिळून ४६. उरलेले २० तुम्ही नेमाने बाजूला टाकता आणि त्यातून २,२०० जमवलेत. ही शिस्त फार मोठी आहे, हे आधी सांगतो.

कडेच्या घराची किंमत ७,२००, म्हणजे तुमची सहा वर्षांची सगळी कमाई. त्यातले ५,७६० कर्जाचे, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो ५०. उरलेले १,४४० तुम्ही भरायचे. नोंदणी, सरकारी शुल्क, आतली कामं आणि सामान यांचे किमतीच्या दहा टक्के धरले तर आणखी ७२०. म्हणजे किल्ली हातात येईल तेव्हा खात्यात ४० उरलेले असतील.

बँकेने ५० चा हप्ता पाहिला आणि होकार दिला. पण तुमच्या घरात महिना कसा जाईल ते बँक पाहत नाही. हप्ता ५०. कर आणि देखभाल साधारण ६. प्रवास दुप्पट लांबला की १२. बाकीचा खर्च ४६. बेरीज ११४ आणि उत्पन्न १००. "पोटाला चिमटा काढून भागवू" असं तुम्ही लिहिलंय, पण ही १४ ची तूट काटकसरीने भरून निघणारी नाही. तुम्ही आजही उधळपट्टी करत नाही. शिवाय दोघंही उशिरा घरी पोचणार म्हणून पाळणाघराचे तास वाढतील, ते मी अजून धरलेलेच नाहीत. व्याजदर दहा टक्क्यांवर गेला तर तोच हप्ता ५६ च्या घरात जाईल. आणि त्या वेळी खात्यात ४० असतील.

त्यामुळे हे घर, या किमतीला, आत्ता घेऊ नका. एवढं सांगून पत्र संपवता आलं असतं. पण भीती आकड्यांनी जात नाही, आणि तुमची भीती खोटीही नाही. वाढत्या शहरात नेमकं काय घडतं ते नीट कळलं, तर पुढच्या निर्णयांनाही उपयोग होईल.

शहर मोठं होतं तशी कमाई खरंच वाढते. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक देशांतल्या शहरांची आकडेवारी तपासली. लोकसंख्या दुप्पट झाली की दरडोई वेतन, नवे शोध, उलाढाल साधारण १५ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. गुन्हे आणि साथीचे आजारही त्याच चालीने वाढतात. तुम्हा दोघांना एकाच गावात तुमच्या क्षेत्रातली चांगली नोकरी मिळाली, एक सुटली तर दुसरी मिळण्याचा भरवसा आहे, मुलीच्या दम्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर जवळ आहे. हे सगळं गर्दीनेच दिलंय.

मग ही वाढलेली कमाई जाते कुठे? अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली शेतजमिनीबद्दल एक गोष्ट मांडली होती: खंड (जमिनीचं भाडं) जास्त म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग म्हणून खंड चढतो. शहरातल्या घरभाड्याचंही असंच आहे. तुमच्यासारख्या दोन पगारांच्या कुटुंबांना मोक्याच्या जागी राहणं परवडू लागलं, म्हणून त्या जागेचं भाडं चढलं. माणसं चार वर्षांत दुप्पट येऊ शकतात, जमीन तेवढीच राहते आणि इमारत उभी राहायला वेळ लागतो. भाड्यामागोमाग बाकीचं महागतं. पाळणाघरातल्या बाईंनाही याच शहरात भाडं भरायचं असतं. एका बाईने सांभाळायची मुलं पाचाची दहा करता येत नाहीत, म्हणून फी वाढते. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तू सगळीकडे जवळपास सारख्या किमतीला मिळतात. माणसाच्या हातांनी होणारी कामं मात्र वाढत्या शहरात आधी महाग होतात. तुमच्या ४६ मधले नेमके कुठले आकडे फुगलेत ते पाहा, बहुधा हेच असतील.

आता "भाडं म्हणजे पाण्यात पैसे" या वाक्याकडे वळतो. सासऱ्यांच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, कर्जाच्या घरातही बराच पैसा परत येत नाही. पहिल्या महिन्याच्या ५० च्या हप्त्यात ४१ व्याजाचे असतात, मुद्दल फिटतं जेमतेम ९. त्यात कर-देखभालीचे ६ धरा. तुमचे २,१६० घरात अडकले, ते सहा टक्क्यांनी गुंतवले असते तर महिन्याला ११ मिळाले असते, तेही धरा. एकूण ५८. अगदी तसंच घर त्याच भागात आज १८ ने भाड्याने मिळतंय, हे तुम्हीच कळवलंत. म्हणजे मालकीसाठी महिन्याला ४० जास्त, वर्षाला ४८०. ही रक्कम किमतीच्या ६.७ टक्के होते. पहिल्या काही वर्षांत घराची किंमत दरवर्षी एवढी वाढली तर तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला याल. त्याहून कमी वाढली तर भाडेकरू पुढे राहील.

ती तेवढी वाढेल का? सगळा निर्णय या प्रश्नावर येऊन थांबतो. शहर वाढतंय हे तुम्हाला जसं माहीत आहे, तसं विकणाऱ्यालाही माहीत आहे. पुढची वाढ त्याने किमतीत आधीच धरली आहे. वर्षाच्या भाड्याच्या ३३ पट किंमत लावलीय ती त्याचसाठी. तुम्हाला फायदा व्हायचा तर शहर नुसतं वाढून भागणार नाही, सगळ्यांनी धरलंय त्याहून जास्त वाढायला हवं. जपानमध्ये जमिनीची किंमत कधी उतरतच नाही अशी लोकांची खात्री होती. १९९१ च्या सुमाराला भाव शिखरावर गेले आणि मग वर्षानुवर्षं घसरत राहिले. अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांचं शहर डेट्रॉईट, तिथली लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाखांच्या जवळ होती, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली. तुमच्या शहराचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण तिथल्या माणसांची नोकरी आणि घर दोन्ही एकाच उद्योगाच्या भरवशावर होती, आणि दोन्ही एकदमच गेली. तुम्ही दोघंही एकाच क्षेत्रात आहात, म्हणून हे मनात असू द्या.

किंमत चढत राहील की नाही हे बरंचसं शहर बांधकाम किती होऊ देतं यावर ठरतं. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये २०२१-२२ मध्ये भाडी भडकली. पाठोपाठ प्रचंड संख्येने इमारती उभ्या राहिल्या आणि भाडी खाली आली, माणसं येत होती तरीही. तुम्ही पाहिलेलं घर कडेला आहे. पलीकडे मोकळी जमीन पडलेली असेल तर तिथे आणखी हजारो घरं होतील आणि विकायला निघाल तेव्हा तुमची स्पर्धा कोऱ्या घरांशी असेल. जागेची टंचाई मध्यभागी असते, आणि भाव टिकतो तो टंचाईवर.

रेल्वेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूखालून रेल्वे न्यायचा आराखडा १९२९ साली जाहीर झाला होता, पहिला टप्पा सुरू झाला २०१७ मध्ये. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ ला ठरली होती, धावली मे २०२२ मध्ये, आणि ते काम तर पैसा आणि यंत्रणा हाताशी असताना झालं. गाडी सुरू झाल्यावर जे घर सोयीचं ठरणार आहे, ते गाडी येईपर्यंत तुम्हाला गैरसोयीतच काढावं लागेल. आज, आहे त्या रस्त्याने, सोमवारी सकाळी कामाच्या वेळेला तिथून निघून पाहा. दोघांनीही, तीन दिवस.

त्या प्रवासाचा हिशोबही करू. आजच्यापेक्षा रोज दोन तास जास्त, महिन्याचे २२ दिवस, दोघांचे मिळून ८८ तास. महिन्याला तुम्ही दोघं मिळून सुमारे ३६० तास काम करून १०० कमावता, म्हणजे तासाला साधारण ०.२८. प्रवासातला तास कामाच्या तासाच्या निम्म्या मोलाचा धरायची वाहतूक नियोजनात पद्धत आहे. तसं धरलं तरी हे १२ होतात. प्रवासखर्चाचे जादा ६ मिळवले की १८. म्हणजे कडेला भाड्याने राहायचं म्हटलं तरी १८ अधिक १८, एकूण ३६. मध्यभागी मालक मागतोय ३२. महाग वाटणारं घरच स्वस्त पडतंय. पाच वर्षांच्या मुलीसोबतचा संध्याकाळचा वेळ यात मी मोजलेला नाही, तो मोजायचा कसा ते मला माहीतही नाही. तुम्ही घरी पोचाल तेव्हा ती झोपायला आलेली असेल.

एवढं सगळं घर घेण्याविरुद्ध लिहिलं, तर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. हप्ता (व्याजदर फारसा हलला नाही तर) तेवढाच राहतो आणि पगार वाढतो. तुमचे पगार वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिले तर आजचा निम्म्या उत्पन्नाचा हप्ता दहा वर्षांनी उत्पन्नाच्या २८ टक्केच उरेल. भाडं मात्र पगाराबरोबर चढतच राहील. दीर्घकाळ एका जागी राहणाऱ्याला मालकीचा फायदा होतो, हे खरंच आहे. धोका पहिल्या पाच वर्षांत असतो, आणि तुम्ही ती पाच वर्षं रिकाम्या खात्याने काढायला निघाला होतात.

आणखी एक दिलासा. भाडं दरवर्षी तुमच्या पगाराच्या दुप्पट वेगाने कायम वाढत राहू शकत नाही, कारण ते पगारातूनच द्यायचं असतं. घराची किंमत कर्जाच्या आणि गुंतवणूकदारांच्या पैशावर काही काळ वाटेल तशी चढू शकते, भाड्याला तशी मुभा नाही. यंदाची १४ टक्के वाढ जबर आहे, पण ती दरवर्षीची चाल समजू नका.

लहान शहराचं काय? तिथे दोघांचं मिळून उत्पन्न ७८, भाडं ११, प्रवास नगण्य, बाकी खर्च तुमच्या अंदाजाने ४०. म्हणजे महिन्याला साधारण २७ शिल्लक. इथे नवं भाडं मान्य केलं तर शिल्लक १६. निव्वळ पैशाने लहान शहर जिंकतं, आणि हा पर्याय पत्रात तुम्ही जेवढा घाईत उरकलात तेवढा किरकोळ नाही. अडचण एकच, पण मोठी: तिथे तुमच्या कामाची कंपनी एकच आहे. ती बदली रद्द झाली किंवा एकाची नोकरी गेली, तर दुसरं दार नाही. म्हणून जायचं तर कधी, हा प्रश्न महत्त्वाचा. स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदींवरून दे ला रोका आणि पुगा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की मोठ्या शहरात काम करून आलेल्या अनुभवाचं मोल ते शहर सोडल्यावरही बऱ्याच अंशी टिकतं. तुम्ही इथे घालवलेली वर्षं वाया जाणार नाहीत. आणखी दोन-तीन वर्षं इथे काढून, एकाला तरी कुठूनही करता येणारं काम मिळवून मग गेलात, तर जास्त भक्कम पायावर जाल.

म्हणून माझा सल्ला असा, की दोन वर्षं आहे त्याच भागात भाड्याने राहा. ३२ भाडं देऊनही महिन्याला १६ टाकत राहिलात तर, सहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरून, आजचे २,२०० तोवर साधारण २,८५० होतील. त्यातले ५०० बाजूला ठेवा, त्यांना घरासाठी हात लावायचा नाही. हे सहा महिन्यांच्या खर्चाचे आहेत. हप्ता उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही आणि पगार वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले, हे धरून तेव्हा तुम्हाला ६,२०० च्या आसपासचं घर झेपेल. ते कोरं आणि मोठं नसेल. जुन्या इमारतीतलं, एक खोली कमी असलेलं, पण कामापासून जवळचं शोधा. वाढत्या शहरात इमारतीची किंमत झिजते आणि तिच्याखालच्या जमिनीची वाढते, म्हणून पैसा जागेसाठी मोजा, चकचकीत फरशांसाठी नको. तेव्हा लहान शहराचाही विचार पुन्हा करा, हातात पैसा आणि वेळ दोन्ही असतील.

आणि घरमालकाशी बोला. ४ वाढवून त्याला वर्षाला ४८ जास्त मिळणार आहेत. तुम्ही गेलात आणि घर दीड महिना रिकामं राहिलं, तर तेवढेच ४८ त्याने गमावले, वर रंगकाम आणि दलाली. वेळेवर भाडं देणारं, घर नीट ठेवणारं कुटुंब त्यालाही सोडायचं नसतं. ३० म्हणा, दोन वर्षांचा लेखी करार मागा, दुसऱ्या वर्षाची वाढ त्यातच ठरवून घ्या. तो ३१ वर अडला तर हो म्हणा. एकाच वर्षाचा करार असेल तर ३० लाही घाई करू नका, कारण तुम्हाला या घडीला सगळ्यात जास्त गरज दोन निवांत वर्षांची आहे.