एसीच्या आधी छताला हात लावून बघा

प्रश्न : ताई, आम्ही अकोल्याला राहतो, वरचा मजला, आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांची खोली 10 बाय 12, पश्चिमेची भिंत आणि वर उघडा स्लॅब. आतापर्यंत कुलरवर भागलं पण मागच्या मे महिन्यात बाबांना दोनदा चक्कर आली म्हणून यंदा एसी घ्यायचाच. दुकानदार म्हणतो 1 टन पुरे, मेहुणा म्हणतो 2 टनाचाच घ्या, आणि थ्री स्टार की फाइव्ह स्टार ते तर काहीच कळेना. – एक वाचक, अकोला

उत्तर : दादा, आधी बाबांना एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा, दोनदा चक्कर आलीये, एसी येईपर्यंत थांबू नका.

आता खोलीचं. रात्री आठ-नऊला पंखा बंद करा, स्टुलावर चढा आणि छताला तळहात लावा. ऊन जाऊन दोन तास झालेले असतात तरी हात ठेववत नाही, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो, म्हणजे तुमचे आईबाबा झोपतात तेव्हाच. एसी कितीही भारी घेतला तरी त्याला आधी ह्या छताशीच झुंजायचंय. म्हणून एप्रिलच्या आत गच्चीवर पांढरा चुना नाहीतर उन्हाचा पांढरा पेंट, दोन हात मारून घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी किंवा तट्ट्या लावा. पडदा आतून लावून तेवढा फायदा होत नाही, ऊन काचेतून आत आलेलं असतं ना. हा खर्च एसीच्या मानाने फार थोडा आहे आणि मी तो एसीच्या आधी करायला सांगेन.

टनाचं म्हणाल तर खालच्या मजल्यावर 120 चौरस फुटाला 1 टन चाललं असतं, पण तुमच्याकडे वर स्लॅब, बाजूला पश्चिम, आणि एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 डिग्री धरून, अकोल्यात मे महिन्यात 44-45 असतं तेव्हा तोच एसी कमी थंडावा देतो. म्हणून 1.5 टन इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरवणारा. 2 टनाची गरज नाही. पण नुसतं '1.5 टन' वाचून घेऊ नका, लेबलवर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये लिहिलेली असते, 1 टन म्हणजे साधारण 3500 वॅट, तर 1.5 टनाला 5200 च्या जवळ यायला हवं, काही मॉडेलमध्ये ते 4800 च्या आसपासच असतं. दोन एसीची किंमत सारखी असेल तर जास्त वॅटवाला घ्या. आणखी एक आकडा विचारून ठेवा, बाहेर किती डिग्रीपर्यंत तो चालतो, 50-52 लिहिलेलं असेल तर आपल्या विदर्भात बरं.

स्टारचा हिशोब सोपा आहे. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ते 1600 तास चालवला असं धरून. तुमच्याकडे एप्रिल ते मृग सरेपर्यंत 80 दिवस धरा, रात्रीचे 8 तास म्हटले तर 640 तास झाले, म्हणजे लेबलच्या 40 टक्के. समजा थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये लेबलवर 200 युनिटचा फरक आहे, तर तुमचे वाचणार 80 युनिट, युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला 800, आणि फाइव्ह स्टार 8 हजाराने महाग असेल तर वसूल व्हायला 10 वर्षं. पण आईबाबा दिवसभर घरी, दुपारीही लावणारच, तसं 16 तास धरलं तर 5 वर्षांत वसूल होतं. तुमच्या घरी मी फाइव्ह स्टारच म्हणेन, आणि महावितरणचं बिल 100, 300, 500 युनिटला टप्पा बदलतं तेही लक्षात घ्या, वाचतात ते युनिट वरच्या महाग टप्प्यातले असतात. फक्त स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, 2022 च्या जुलैत झाले होते, त्यामुळे जुन्या स्टॉकचा फाइव्ह स्टार आणि नवा फाइव्ह स्टार एक नाही, लेबलवरचा आयएसईईआर आकडा (हंगामभराची कार्यक्षमता, जितका जास्त तितकी वीज कमी) आणि कुठल्या काळाचं लेबल आहे ते दोन्ही बघा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, फिटिंगच्या दिवशी सुट्टी घ्या आणि घरी थांबा. आमच्या आईकडे चांगला महागाचा एसी घेतला, फिटिंगवाला पाऊण तासात बसवून गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात नुसती हवा. आउटडोअरच्या, म्हणजे बाहेर बसवतात त्या यंत्राच्या, मागे पितळी नट असतो तिथे बोट फिरवलं तर तेलकट, म्हणजे गॅस तिथूनच जात होता, गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं. नट नीट आवळलेला नव्हता आणि पाइपातली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप तर आणलाच नव्हता, थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून दिली होती. तसं करू देऊ नका. पंप लावून निदान पंधरा-वीस मिनिटं व्हॅक्यूम, मग गॅस सोडायचा, मग नटांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं. तुमच्यासमोर. एसीसाठी मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, उत्तरेला किंवा सावलीत जागा बघा.

कुलर विकू नका हं. मार्चमध्ये आणि सकाळी तोच लावा, कोरड्या हवेत त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. फक्त एसी चालू असताना त्याच खोलीत कुलर नको, तो हवेत ओल सोडतो आणि एसी तीच ओल काढत बसतो. रात्री 26 वर एसी आणि पंखा मंद, म्हाताऱ्या माणसांना तेच सोसतं, 18 वर टाकल्याने खोली लवकर गार होत नाही.

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीत समुद्रापासून जवळ. आधीचा एसी चार वर्षांत गेला, आउटडोअरची जाळी हाताने चुरली. आता काय बघू? – एक वाचक

उत्तर : खारी हवा. कॉइल तांब्याचीच घ्या, वर गंजरोधक कोटिंग असलेली, आणि आउटडोअर समुद्राच्या तोंडावर नको, घराच्या आडोशाला. महिन्या-दोन महिन्यांनी मेन स्विच बंद करून नुसत्या गोड्या पाण्याने हलक्या धारेने कॉइल धुवा, प्रेशरची धार मारली तर पत्रे वाकतात. तुमच्याकडे उकाडा घामाचा आहे, म्हणून खोलीपेक्षा मोठा एसी घेऊ नका, हवा पटकन गार होते पण ओल तशीच राहते आणि अंथरूण दमट लागतं. पावसाळ्यात ड्राय मोड वापरा, तो हवेतली ओल काढतो. आणि ड्रेन पाइपला उतार नीट आहे ना बघा, कोकणात पाणी भरपूर निघतं.

प्रश्न : इन्व्हर्टर एसी घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर चालतो का?

उत्तर : नाही. ह्यातला इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरवणारं सर्किट, बॅटरीशी संबंध नाही. घरातली 150 एएचची एक बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात पावणेदोन युनिटच्या आसपासच वीज असते, आणि 1.5 टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला दीड युनिट घेतो. लाइट गेली की पंखाच लावा.