'नरवंध्य' ज्वारीला दाणे कसे भरतात?

प्रश्न असा आला: संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनाच्या माहितीपत्रकात 'नरवंध्य मादी वाण' असं लिहिलंय. नर असून मादी कशी? आणि वंध्य असेल तर तिच्यापासून बियाणं कसं काढतात?

सगळा घोटाळा समासाच्या फोडीत आहे. 'वंध्य असा नर' अशी फोड केली तर अर्थ लागतच नाही. 'कर्णबधिर' म्हणजे कानांनी बधिर, तसं 'नरवंध्य' म्हणजे नरभागाने वंध्य. ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. या वाणाचं बीजांड धडधाकट असतं, परागकोष तेवढे फोल. फुलोऱ्यातल्या कणसाला बोट लावून पाहा: साध्या ज्वारीचे परागकोष टपोरे, पिवळे, बोटाला पूड लागते, नरवंध्य कणसातले बारीक, पांढुरके, कोरडे. शेजारच्या नर ओळींतला पराग वाऱ्याने आला की दाणे भरतात. १९६४ साली आलेल्या 'सीएसएच-१' या आपल्याकडच्या पहिल्या संकरित ज्वारीची आई अशीच होती.

'वांझ' हा शब्द 'वंध्य'वरूनच आला, पण मराठीत तो सबंध अपयशाचा झालाय. वांझोट्या चर्चेतून काहीच निघत नाही. इथे तर पोत्याने बियाणं निघतं. 'नपुंसक' त्याहून चुकीचा, कारण स्त्रीत्व शाबूत आहे. 'पुंकेसर'च्या जोडीला 'पुंवंध्य' मला जास्त नेटका वाटला असता, पण आता रुळलेला शब्द कोण हलवणार!

काही ठिकाणी पूर्ण नाव येतं: 'पेशीद्रव्यीय नरवंध्यत्व', म्हणजे केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यातून आलेलं. हा गुण आईकडूनच उतरतो, कारण त्याचं मूळ तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये असतं आणि त्या बीजांडाबरोबर येतात. मक्याच्या 'टेक्सास' नावाच्या नरवंध्य प्रकारात हे नीट तपासलं गेलं. परागकणांना पोसणाऱ्या थरात एरवी दर पेशीमागे तंतुकणिका सुमारे चाळीसपट वाढतात, इतकी तिथे ऊर्जेची ओढ. टेक्सास प्रकारात नेमक्या तिथल्याच तंतुकणिका ढासळतात आणि पराग पोसला जात नाही. मुळं, पानं, खोड मात्र व्यवस्थित वाढतात. तिथे इतकी तातडी नसते, असा एक प्रमुख तर्क आहे. त्याच तंतुकणिकांमधल्या एका प्रथिनामुळे हा मका करपा रोगाच्या विषाला बळी पडला आणि १९७० साली अमेरिकेतलं सुमारे १५ टक्के पीक गेलं.

शेवटची शंका: असं बियाणं पेरलं तर शेतकऱ्याचं पीकही नरवंध्य व्हायला हवं ना? तसं होत नाही, कारण नर वाणाच्या केंद्रकातली जनुकं आईकडून आलेली ही खोड दाबून टाकतात. परागाची क्षमता परत आणतो, म्हणून त्या नर वाणाला 'पुनःस्थापक' म्हणतात. माहितीपत्रकात तो शब्द पुढच्याच पानावर सापडेल.