वाचकांचे प्रश्न : जुनी ओम्नी, शर्यत आणि आरसी बुक

प्रश्न : आमच्याकडे १९९८ ची, कार्बोरेटरची मारुती ओम्नी आहे. हर्णै बंदरावरून मासळी आणि बर्फ आणण्यासाठी वडिलांनी ती अनेक वर्षे वापरली. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. नोंदणीचे नूतनीकरण झालेले असून ती २०२८ पर्यंत वैध आहे. वडिलांनी आता धंदा थांबवला, पण गाडी भंगारात द्यायला त्यांचे मन होत नाही. मी आणि माझा मावसभाऊ मिळून तिची शर्यतीची गाडी करावी, असा विचार आहे. मात्र ती रस्त्यावरही कायदेशीरपणे चालली पाहिजे. मोठे इंजिन बसवणे, मागची आसने काढणे, गाडी खाली बसवणे आणि गाडी उलटली तर बचाव व्हावा म्हणून आत पाइपांचा पिंजरा बसवणे अशी चार कामे ठरवली आहेत. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : गाडी भंगारात न देण्याचा आपला विचार मला मनापासून पटला. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, त्यामुळे चालत्या अवस्थेतील गाड्या यापुढे कमीच होत जाणार. पण ते का थांबले, हेही आपण दोघांनी ध्यानात घ्यावे. अपघातसुरक्षेच्या नव्या नियमांत ही गाडी बसण्यासारखी नव्हती. तिच्यात चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो, त्याच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच एवढेच असते आणि इंजिन आसनाखाली असते. अशा गाडीचा वेग वाढवण्याआधी तिची थांबण्याची आणि सरळ राहण्याची ताकद वाढवावी लागते. म्हणून आपण ठरवलेल्या चारही कामांआधी मी दुसरीच कामे सांगणार आहे.

त्याआधी आरसी बुक उघडून समोर ठेवा. त्यात इंजिनाची घनक्षमता लिहिलेली आहे, आसनक्षमता लिहिलेली आहे, इंजिन आणि चासीचे क्रमांक लिहिलेले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. फेरफार म्हणजे काय, हेही त्याच कलमात सांगितले आहे : वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात बदल घडवून आणणारा रचनेतील बदल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आपल्या यादीतील मोठे इंजिन येथेच बाद होते. मूळचे इंजिन कामातून गेले असेल, तर त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन परिवहन कार्यालयाची आगाऊ मंजुरी घेऊन बसवावे आणि नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. मागची आसने कायमची काढून टाकणे हे केवळ वजन कमी करणे वाटते खरे, पण त्यामुळे कागदावरची आसनक्षमता खोटी ठरते. पिंजऱ्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरा प्रश्न असा, की आपल्याला नेमकी कोणती शर्यत हवी आहे? 'शर्यतीची गाडी' या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालायची टीएसडी रॅली ही खुल्या रस्त्यावर, कायदेशीर वेगमर्यादेत चालते. तिच्यात लवकर पोहोचणाऱ्यालाही गुणांचा दंड बसतो आणि कारखान्यातून आली तशी गाडीही चालते. ऑटोक्रॉस ही मातीच्या बंदिस्त मैदानावर, घड्याळाविरुद्ध होणारी स्पर्धा असते. तिसरा प्रकार म्हणजे वेगाचे टप्पे असलेली खरी रॅली. तिच्यात टप्प्यांसाठी रस्ते बंद केले जातात, पण एका टप्प्याहून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना गाडी सर्वसामान्य वाहतुकीतून, वाहतुकीचे सगळे नियम पाळून चालवावी लागते. रस्त्यावर चालणारी शर्यतीची गाडी ही कल्पना मुळात त्यातूनच रुजली आहे. ओम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १,८४० मिलिमीटर, रुंदी कमी आणि उंची भरपूर. त्यामुळे या तिसऱ्या प्रकारासाठी ती मला योग्य वाटत नाही. आपण टीएसडीपासून सुरुवात करावी आणि पुढे ऑटोक्रॉसकडे वळावे. भारतातील मोटार क्रीडेची राष्ट्रीय संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. तिच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत उतरण्यासाठी तिचा परवाना लागतो, आणि व्हॅन कोणत्या गटात बसते, हे त्या त्या स्पर्धेची नियमपत्रिका मागवून एक रुपयाही खर्च करण्याआधी पाहून घ्यावे.

आता गाडीकडे येऊ. मासळीची गाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी तिचा तळ आला. बर्फ वितळून आलेले खारे पाणी मॅटखाली झिरपते, दरवाजाखालच्या बंद पोकळीत जाऊन बसते आणि तळातली पाणी निघण्याची छिद्रे खवल्यांनी व मातीने बुजलेली असली, तर तेथेच राहते. मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि त्या ओलीतून गंजाची क्रिया भराभर होते, त्यामुळे वरून रंग शाबूत दिसतो तेव्हाही आतून पत्रा खाल्लेला असू शकतो. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, त्याखाली वेल्ड केलेल्या पट्ट्या आणि बाजूच्या पेट्या मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तेव्हा तळ गेला म्हणजे सांगाडाच गेला, असे समजावे.

तपासणी अशी करा. मॅट, आसने आणि आतले डांबरी थर काढून गाडी भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नका. मग हातात लहान हातोडी आणि टोचा घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत चला. निरोगी पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द आवाज करतो, आणि जेथे आवाज बद्द येतो तेथे टोचा दाबला, की कधी कधी तो सरळ आत जातो आणि छिद्रातून तांबडा भुगा गळतो. मागच्या पाट्यांची (पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) टोके जेथे बॉडीला धरलेली असतात त्या जागा, पुढच्या शॉकअपचे वरचे माथे, जॅक लावण्याच्या जागा आणि सीटबेल्टचे बोल्ट या ठिकाणी विशेष वेळ द्या. यांपैकी एखादी जागा भुसभुशीत निघाली, तर तेवढा भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढावा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा घडवून सर्व बाजूंनी वेल्ड करावा. गंजावर ठिगळ लावून वरून पुट्टी फिरवणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातची गाडी पहिल्या पावसाळ्यापर्यंत सुंदर दिसते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडवा आणि पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा. चासी क्रमांकाच्या आसपास कटर किंवा वेल्डिंग मुळीच जाऊ देऊ नका, कारण तो अंक पुसट झाला तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडीची ओळखच पटणार नाही. काम झाल्यावर जस्ताचा प्रायमर, सांध्यांना सीलर आणि बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा, या क्रमाने जावे. हे सगळे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाच्या, आधी, कोरड्या हवेत पुरे झाले पाहिजे.

तळ पक्का झाला, की ब्रेक. वेग दुप्पट झाला तर थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटरला पुरे पडणारे ब्रेक ८० ला अपुरे पडतात ते यामुळेच. मागच्या ड्रमचे सिलिंडर आणि लायनर, पुढचे कॅलिपर, रबरी होज आणि मास्टर सिलिंडरची रबरे नवी घाला; लोखंडी ब्रेक पाइप खाऱ्या हवेने गंजलेले असतील तर तेही बदला. ब्रेक ऑइलबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ओल शोषल्यावर मात्र त्याच प्रतीची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाट उतरताना, पोफळी यायच्या आधीच्या वळणांवर, माझ्या गाडीचे पेडल एकाएकी मऊ होऊन तळाला टेकले. ऑइल उकळून त्यात वाफ झाली होती. मी खालचा गिअर टाकून आणि हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी डोंगराच्या बाजूला थांबवली. शेजारी पत्नी आणि मागे दोन मुले होती. त्या गाडीत चार वर्षे केवळ ऑइलची भर घातली जात होती, बदलले कोणी नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते. किनारपट्टीच्या दमट हवेत डॉट ४ वापरा, ते दरवर्षी पूर्ण बदला आणि त्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचा महिना ठरवून टाका.

टायर मूळ मापाचेच, पण नवे घ्या. टायरच्या कडेवर उत्पादनाचा चार अंकी आकडा असतो. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ लिहिले असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल आहे म्हणून जुन्या टायरवर भरवसा ठेवू नये.

गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापणे किंवा पाटे काढणे मला साफ नामंजूर आहे. उंच गाडी वळणावर कलंडते ती तिच्या गुरुत्वमध्याची उंची चाकांमधल्या अंतराच्या मानाने जास्त असल्यामुळे, हे खरे. पण कापलेली स्प्रिंग खड्ड्यात तळाला आपटते आणि चाक क्षणभर जमीन सोडते, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा शोधावा लागत नाही. त्याऐवजी पाट्यांची बुशे, शॅकल आणि यू-बोल्ट नवे घाला, शॉकअप चारही चांगल्या प्रतीचे घ्या आणि वजन खाली आणा : छतावरचे कॅरिअर काढा, जादा चाक आणि हत्यारे तळाशी पट्ट्यांनी घट्ट बांधा.

इंजिनाचे काम सर्वांत शेवटी. ७९६ घनसेंटिमीटरचे हे तीन सिलिंडरांचे इंजिन नवे असताना सुमारे ३५ अश्वशक्ती देत होते आणि गाडीचे वजन ८०० किलोच्या आसपास आहे. गेलेली ताकद परत मिळवली तरी मैदानावर मजा येते. तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजा, व्हॉल्व्हचे काम करा, कार्बोरेटर उघडून स्वच्छ करा, टायमिंग लावा. आसनाखालच्या झाकणाचे रबर नवे घाला आणि एक्झॉस्टचे सांधे तपासा, कारण तेथून गळणारा धूर थेट चालकाच्या नाकाशी येतो.

पिंजऱ्याबाबत माझे मत असे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि २ जाडीची, बिनसांध्याची पोलादी नळी सांगितली आहे. पाण्याच्या पाइपातून वाकवून केलेला पिंजरा पलटीत दुमडतो आणि संरक्षणाऐवजी इजाच करतो. शिवाय हेल्मेट न घालता रोजच्या रस्त्यावर डोक्याशेजारी लोखंडी नळी असणे हाच एक धोका आहे. तो रचनेतला बदल ठरू शकत असल्याने परिवहन कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्या. टीएसडीला त्याची गरज नाही. विम्याचेही पाहून ठेवा : मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतून आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे स्पर्धेच्या दिवसाची विमाव्यवस्था काय आहे, हे आयोजकांना आधीच विचारावे.

प्रश्न : आम्ही मित्रांनी अशीच एक जुनी व्हॅन तयार केली आहे. सराव कोठे करावा? गावाबाहेरचा सडा (कातळाचा उघडा माळ) आणि ओहोटीच्या वेळचा समुद्रकिनारा, दोन्ही मोकळे असतात.
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : किनारा नको. कायद्यातील 'सार्वजनिक स्थळ' या व्याख्येत केवळ रस्ता येत नाही. जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा येते. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक स्थळी शर्यत किंवा वेगचाचणी केली, तर कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडापेक्षाही मला त्या वाळूची काळजी अधिक आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती घरटी वरून दिसत नाहीत. चाकाखाली काय चिरडले, हे आपल्याला कळणारही नाही. वर समुद्राच्या पाण्याने आपण मेहनतीने वेल्ड केलेला तळ वर्षभरात पुन्हा खाल्ला जाईल तो वेगळाच.

सड्याबाबतही सावध राहा. आपल्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे येथे कातळशिल्पे आहेत. गवताखाली आणि मातीखाली अजून न दिसलेली शिल्पे असू शकतात, आणि जांभ्याच्या मऊ कातळावरून घसरणारे चाक हजारो वर्षांची रेघ एका वळणात पुसून टाकील. त्यापेक्षा बंद पडलेली चिरेखाण पाहा. तिच्या मालकाची लेखी परवानगी घ्या, येण्याजाण्याची वाट दोर लावून बंद करा, तळातले सुटे चिरे उचला आणि खाणीच्या उभ्या कडेपासून भरपूर अंतर ठेवून शंकू मांडा. एका वेळी एकच गाडी, चालकाला हेल्मेट आणि पट्टा, अग्निशामक नळकांडे हाताशी, आणि गरज पडली तर जखमीला कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे आधीच ठरलेले.

प्रश्न : शर्यतीच्या गाडीसारखा आवाज यावा म्हणून सायलेन्सर मोकळा केला तर चालेल का? आणि बाजूला मोठे आकडे रंगवता येतील का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : सायलेन्सर मोकळा करू नये. तो नियमभंग आहे, आणि मूळ रचना बिघडवून ताकद वाढेलच असेही नाही. स्पर्धेचे आकडे स्पर्धेपुरते, चिकटपट्टीने लावावेत. नोंदणीची उच्च सुरक्षा पाटी, दिवे आणि काचा मात्र कशानेही झाकल्या जाता कामा नयेत. गाडीचा मुख्य रंग बदलायचा असेल तर त्याची नोंद आरसीवर आधी करून घ्या. १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, २० वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये झाले आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो, तेव्हा रंगावर खर्च करण्याआधी ही रक्कम बाजूला काढून ठेवावी.